फोन स्वयंपाकघरात, मी अंथरुणात

माझ्या आजाराला घरात कुणी आजार म्हणत नव्हतं. नवरा म्हणायचा, "मोबाईल ठेव आणि झोप ना." मुलगी म्हणायची, "आई, तुला व्यसन लागलंय." शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "पाळी जायच्या वयात झोप उडतेच, मनावर घेऊ नका." आणि मी म्हणायचे, मला काही झालेलंच नाही, थोडं जागरण होतंय इतकंच. हे 'थोडं जागरण' सव्वा वर्ष चाललं. त्यात एका म्हाताऱ्या माणसाचा जीव माझ्या हातून जाता जाता राहिला.

मी मनीषा. वय सत्तेचाळीस. नाशिकला पंचवटीत राहते आणि दिंडोरी नाक्याजवळच्या एका औषधाच्या दुकानात एकवीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम करते. नवरा विलास सातपूरला एका कारखान्यात आहे. एकुलती एक मुलगी ऋतुजा, ती पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला असते. मी पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. महिन्यातून दोन-तीन रात्री अजूनही वाईट जातात. पण ज्यांच्या उशीखाली आत्ताही फोन आहे, त्यांना माझं ऐकून थोडा उपयोग झाला तर व्हावा म्हणून लिहिते आहे. यात उपचार मी सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील.

'पोचले'

सुरुवात अगदी साधी होती. ऋतुजा कॉलेज सांभाळून संध्याकाळी एका बेकरीत काम करायची. तिचं काम सुटून ती खोलीवर पोचायची तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ-दहा, म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे दोन-अडीच वाजलेले असत. खोलीवर गेली की ती एकच शब्द पाठवायची: 'पोचले.' मी झोपेत आहे असं तिला भासवायचे आणि सकाळी उत्तर द्यायचे. खरं तर तो शब्द येईपर्यंत माझा डोळा लागत नसे.

नुसतं वाट बघत पडणं जमत नाही. मग मी तिच्या गावाचं हवामान बघायला लागले. तिथल्या रेल्वेला उशीर आहे का ते बघायला लागले. ती भाषा मला येत नाही, पण भाषांतर करून मिळतं. मुलं परदेशात असलेल्या पालकांच्या एका ग्रुपमध्ये मी गेले. त्या ग्रुपमध्ये रात्री झोपणारं कुणी नव्हतंच. कुणाच्या मुलाला ताप, कुणाच्या मुलीचं पाकीट मारलं, कुठेतरी कुणावर हल्ला झाल्याची बातमी. प्रत्येक बातमी उघडायची, खालची सगळी मतं वाचायची, आणि मग ती जागा ऋतुजाच्या गावापासून किती लांब आहे ते नकाशावर मोजायचं.

'पोचले' आल्यावर तरी झोपावं की नाही? पण तोपर्यंत डोकं असं तापलेलं असायचं की हात आपोआप पुढचं काहीतरी उघडायचा. मग व्हिडिओ सुरू. कुणी जुने गालिचे धुतंय, कुणी घोड्याचे खूर तासतंय, कुणी गंजलेली कढई घासून चकचकीत करतंय. घोडा मी आयुष्यात फक्त वरातीत पाहिलेला. तरी मी पहाटे साडेतीनला, पांघरुणाच्या आत, घोड्याचे खूर बघत पडलेली असायचे. पुढचा एक, फक्त एक, असं करत चार वाजायचे. सहाला विलासच्या डब्यासाठी उठायचं असायचं.

ऋतुजाच्या लक्षात आलं. एकदा तिने व्हिडिओ कॉलवर सरळच विचारलं, "आई, मी रात्री कधीही फोन उघडला तरी तू ऑनलाइन असतेस. झोपतेस कधी?"

"अगं, नेट चालू राहतं."

"आणि काल मी इथे रात्री दीडला ऑनलाइन काय करत होते म्हणून तू बाबांना विचारलंस. माझ्यावर पाळत ठेवतेस का तू?"

मी भडकले. आईने काळजी केली की पाळत का, वगैरे जे आयांनी बोलायचं ते सगळं बोलले. दुसऱ्या दिवशी तिने आपण शेवटचं कधी ऑनलाइन होतो ते दिसणं बंद केलं. दोन दिवसांनी मेसेज आला, "तू झोपावंस म्हणून केलंय. रागावू नको." मला ते अपमानासारखं लागलं. आता ती दिसत नाही म्हटल्यावर माझी धडपड दुप्पट झाली. तिच्या मैत्रिणींची खाती, त्या मैत्रिणींच्या मैत्रिणींचे फोटो, त्यात मागे कुठे ती उभी दिसते का ते मी शोधत बसायला लागले.

कपाटासमोर

हा भाग लिहू की नको, याचा मी बराच विचार केला. विलास म्हणाला, लिही.

सहा-सात महिन्यांनी हातपाय थरथरायला लागले. सकाळी चहाचा कप धरला की बशीवर वाजायचा. भाजीत मीठ दोनदा पडायचं. स्कूटीवर सिग्नलला उभी राहिले की मागच्याने हॉर्न दिल्यावर जाग यायची. दुकानात झोपेच्या गोळ्या वेगळ्या कपाटात असतात आणि त्याची चावी माझ्याकडेच. एका दुपारी मी ती चावी हातात घेऊन त्या कपाटासमोर किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही. ते कपाट मी उघडलं नाही. पण त्याच्या शेजारच्या खणातली अॅलर्जीची गोळी घेतली. जिने गुंगी येते अशी एक जुनी गोळी असते, ती. सर्दी झालीय असं स्वतःलाच सांगितलं.

पहिले चार दिवस झोप लागली. मग एकीने भागेना, दोन घ्यायला लागले. रात्री व्हिडिओ बघता बघता दोन वाजता गोळी घ्यायची आणि सकाळी अकरापर्यंत डोक्यात कापूस भरल्यासारखं घेऊन काउंटरवर उभं राहायचं. एकवीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते, मनाने गोळ्या घेऊ नका. हे मी दोन महिने केलं आणि कुणालाही कळू दिलं नाही.

कचरूबाबा

दिंडोरीकडच्या एका गावाहून कचरूबाबा महिन्यातून एकदा आमच्याकडे औषधं न्यायला यायचे. सत्तरीच्या पुढचे, बारीक अंगाचे, डोक्यावर टोपी. त्यांच्या गावात औषधाचं दुकान होतं, तरी ते एसटीने नाक्यावर उतरून आमच्याकडेच यायचे. म्हणायचे, "ताई समजून सांगत्यात."

त्या दिवशी त्यांना साखर कमी करणारी गोळी द्यायची होती, एक मिलिग्रॅमची. मी दिली चारची. एकाच कंपनीची पाकिटं, शेजारी शेजारी ठेवलेली, रंगात थोडाच फरक. पण तो फरक ओळखणं हेच तर माझं काम. मी चिठ्ठी वाचली होती. आजही ती डोळ्यांसमोर आणली की त्यावरचा एकचा आकडा मला स्वच्छ दिसतो. तेव्हा डोळ्याला दिसला आणि हाताने दुसरंच उचललं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांची सून सुनंदा दुकानात आली. हातात ती स्ट्रिप. आवाज चढवला नाही तिने, तेच मला जास्त लागलं.

"ताई, ही गोळी बघा बरं जरा. तिथले डॉक्टर म्हनले, दुसरीच दिली हाय."

"काय झालं?"

"परवा दुपारी मळ्यात बसल्या जागी लय घाम सुटला त्यांला. हात लटलट कापाय लागले. मी पाणी घेऊन गेले तर मला म्हने, तू कोन? वळखीनाच. गाडीत घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. रातभर ठेवून घेतलं तिथं. आता हायेत बरे."

माझ्या तोंडात पहिलं उत्तर आलं ते खोटं होतं. 'डॉक्टरांचं अक्षर लागलं नसेल' असं मी म्हणणार होते. जिभेवर आलेलं वाक्य मला अजून आठवतं. मी चिठ्ठी मागितली, तिने पिशवीतून काढून समोर ठेवली. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं सुरेख होतं.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. डॉक्टरांची नाही, तुमचीही नाही. माझी."

सुनंदाने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमचं डोळं असं का झालंय, ताई?"

मी मागच्या खोलीत जाऊन खोक्यांवर बसले आणि रडले. दुकानाचे मालक नितीनभाऊ माझ्याहून वयाने लहान आहेत, मला मॅडम म्हणतात. त्यांनी स्वतः सुनंदाला बरोबर गोळ्या दिल्या, त्या गावच्या डॉक्टरांना फोन केला, पुढचं सगळं विचारून घेतलं. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही सध्या काउंटरवर उभं राहायचं नाही. मागे माल लावा, एक्सपायरी बघा. आणि आधी डॉक्टरकडे जा. घरात काही त्रास आहे का?"

"झोप होत नाही."

"किती दिवस?"

मी हिशेब केला आणि मलाच तो आकडा सांगायची लाज वाटली.

निदानाचा दिवस

मला खात्री होती की थायरॉईड निघेल. खरं सांगायचं तर मला थायरॉईड हवा होता. त्याची गोळी असते, ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची, लोक सहानुभूती दाखवतात. रक्त तपासलं, सगळं ठीक. रक्तदाब मात्र वाढलेला. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला कॉलेज रोडवरच्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. त्या झोपेच्या तक्रारींवरही उपचार करतात.

विलासने सुट्टी टाकली होती. गाडी लावून आम्ही आत गेलो तेव्हा मी ओढणी तोंडाला गुंडाळून घेतली, उन्हाला गुंडाळतात तशी. आत पंखा चालू होता, ऊन नव्हतं. पण नाशिक काही एवढं मोठं नाही, आणि एकवीस वर्षं काउंटरवर उभ्या असलेल्या बाईला निम्मी पंचवटी ओळखते.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या असतील. त्यांनी विचारलं, "किती वाजता झोपता?"

"बाराच्या सुमारास."

विलास माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"फोन आणलाय ना? त्यात दिवसभराचा वापर दिसतो, तो उघडता का?"

मी कधी उघडला नव्हता. त्यांनी कुठे बघायचं ते दाखवलं. पडद्यावर तासातासाच्या उभ्या पट्ट्या आल्या. सकाळी बुटक्या, दुपारी नाहीतच, संध्याकाळी मध्यम. बारा ते चार या चार तासांत त्या वरपर्यंत गेलेल्या. आदल्या दिवशीच्या तशाच, त्याच्या आदल्या दिवशीच्याही तशाच. मी मागे मागे जात राहिले. एकही रात्र वेगळी नव्हती. कचरूबाबांना गोळी दिली त्या दिवशीची पहाटही त्यात होती. चार वाजून गेल्यावरही एक छोटी पट्टी.

विलास हळूच म्हणाला, "मनीषा, मला वाटायचं तू एकदोनदा उठतेस फक्त." तो माझ्या शेजारी झोपत होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. हा निद्रानाश आहे आणि त्याला मी रोज रात्री खतपाणी घालते आहे. सुरुवात काळजीने झाली असेल, पण आता मेंदूने अंथरुणाची आणि जागं राहण्याची गाठ बांधून टाकली आहे. ती सोडवता येते. वेळ लागतो.

"गोळी नाही देणार?" मी विचारलं.

"आत्ता नाही. तुम्ही मनाने काही घेताय का?"

"नाही," मी म्हटलं. अॅलर्जीच्या गोळीचं पुढच्या खेपेला सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आज सांगितलंत ते बरं केलंत. आजपासून बंद." मला वाटतं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

वही

नियम ऐकायला सोपे होते. एक वही करायची, रोज सकाळी त्यात आदली रात्र लिहायची. रात्री बाराच्या आधी अंथरुणात जायचं नाही आणि सकाळी सहाला काही झालं तरी उठायचं. दुपारी आडवं व्हायचं नाही. झोप येत नसेल तर तळमळत पडायचं नाही, उठून हॉलमध्ये मंद दिव्यात बसायचं. दहा वाजता घरातलं वायफाय आणि फोनमधलं नेट बंद, फोन स्वयंपाकघरात.

शेवटच्या नियमावर मी वाद घातला. "आणि रात्री मुलीचा फोन आला तर?"

"आला तर तुम्ही इथून काय करणार?" डॉक्टरांनी विचारलं.

मला त्या बाईचा भयंकर राग आला. गाडीत बसल्यावर मी विलासला म्हटलं, "हिला मुलं नसणार." त्याने बाहेर लावलेल्या पाटीखालच्या फोटोकडे बोट दाखवलं. कसल्याशा कार्यक्रमातल्या त्या फोटोत डॉक्टरांबरोबर दोन मोठे मुलगे उभे होते.

शेवटी तोडगा असा निघाला. विलासचा फोन साध्या कॉलसाठी चालू ठेवायचा, आवाज मोठा करून, ओट्यावर. अगदीच काही झालं तर ऋतुजाने नेटवरून नाही, साधा फोन करायचा. तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हो गं आई, कळलं."

पहिले पंधरा दिवस मला आधीपेक्षा वाईट गेले, हे कुणी मला आधी सांगायला हवं होतं, म्हणून सांगते. बारापर्यंत जागं राहायचं, पण फोनशिवाय. एरवी मला बारापर्यंत जागं राहायला काहीच कष्ट नव्हते. आता साडेदहाला डोळे मिटायला लागायचे आणि बाराला अंथरुणावर पाठ टेकली की टक्क जागी. तळहाताला खाज यायची. उजव्या हाताचा अंगठा पांघरुणावर आपोआप वर सरकायचा, व्हिडिओ सरकवायला जसा सरकतो तसा. उठून हॉलमध्ये बसायचे. परत जायचे. परत उठायचे. बाल्कनीत उभी राहिले तर खाली कुत्री भुंकायची, त्यांनाही कळलं असावं की ही बाई रोज याच वेळी येते. एका रात्री मी चार वेळा कपड्यांचं कपाट लावलं. वहीत लिहिलं, 'दोन तास, बहुतेक.' खाली लिहिलं, 'हे मला जमणार नाही.'

दिवसा दुकानात मी मागे बसून औषधांच्या तारखा बघायचे. समोरून लोकांचे आवाज यायचे. "मॅडम नाहीत का?" नितीनभाऊ सांगायचे, "आहेत, आत आहेत." इतकंच. कारण कुणाला सांगितलं नाही त्यांनी, आणि हे मी विसरणार नाही.

विलासचा अंगठा

घरात भांडणं झाली ती विलासच्या फोनवरून. तो रात्री जुन्या क्रिकेट मॅच बघायचा, त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. दहाला नेट बंद म्हटल्यावर तो म्हणाला, "आजार तुला आणि पथ्य मला?" मी म्हटलं, "मला डायबेटीस असता तर तू माझ्यासमोर बसून जिलेबी खाल्ली असतीस का?" तो म्हणाला, "खाल्ली असती, दुसऱ्या खोलीत." मग दोघंही दोन दिवस बोललो नाही.

नाइलाजाने त्याने ऐकलं. दोन्ही फोन ओट्यावर जायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मात्र एका रात्री मी हरले. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी ऋतुजाच्या गावाचं नाव घालून काहीतरी अर्धवट टाकलं होतं, 'काळजी घ्या' एवढंच. दहा वाजले, नेट बंद झालं. माझ्या फोनचं कुलूप मीच विलासला बदलायला लावलं होतं, त्याचा नवा आकडा मला माहीत नव्हता. दोन वाजता मी स्वयंपाकघरात गेले, विलासचा फोन घेतला. तो त्याच्या बोटाच्या ठशाने उघडतो.

मी अंधारात त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसले, पांघरुणातून त्याचा हात हळूच बाहेर काढला आणि त्याचा अंगठा फोनवर टेकवला. फोन उघडला. उजेड त्याच्या तोंडावर पडला आणि त्याने डोळे उघडले.

"माझा हात धरून काय करतेस?"

माझ्या एका हातात त्याचा अंगठा, दुसऱ्या हातात फोन. सत्तेचाळीस वर्षांची बाई, झोपलेल्या नवऱ्याच्या फोनची चोरी करताना सापडलेली. तो उठून बसला. मला वाटलं आता ओरडेल. त्याने फोन माझ्या हातातून घेतला, स्वयंपाकघरात ठेवून आला आणि दिवा न लावता माझ्याजवळ जमिनीवर बसला.

"कशाची भीती वाटते तुला? सांग ना."

"ती तिकडे पडली, मेली, आणि मी झोपलेली असले तर?"

तो म्हणाला, "मला पण वाटते. रोज. कंपनीत सायरन झाला की मला आधी तीच आठवते." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही तसेच बसून राहिलो, पहाटे पाचला त्याने चहा केला. त्या दिवसापासून दहाचं बटण तो न कुरकुरता बंद करायचा. ग्रुपमधलं ते 'काळजी घ्या' थंडीच्या लाटेबद्दल होतं, हे सकाळी कळलं. त्याच दिवशी मी तो ग्रुप सोडला.

मोठ्याने वाचा

दर गुरुवारी डॉक्टरांकडे जायचे. चौथ्या गुरुवारी बाकावर शेजारी एक बाई येऊन बसल्या. मी ओढणी वर ओढली तर त्याच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पण?" आमच्याच दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्या रात्री तीनपर्यंत पत्त्यांचा खेळ खेळायच्या, फोनवर, अनोळखी लोकांशी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून अशा हसलो की रिसेप्शनवरच्या मुलीने वर बघितलं. मी त्या दिवसापासून ओढणी बांधून गेले नाही.

वहीतले आकडे हळूहळू वाढले. सरळ रेषेत नाही. तीन, साडेचार, दोन, पाच, पुन्हा तीन. मग एकदा सलग चार दिवस पाचच्या वर. कपाचं थरथरणं थांबलं. एका सकाळी मला मटकीच्या उसळीचा वास आला आणि भूक लागली. सकाळी भूक लागते हेच मी विसरले होते.

दोन महिन्यांनी नितीनभाऊंनी मला काउंटरवर घेतलं. पहिले काही दिवस माझ्या हातून गेलेली प्रत्येक पिशवी ते स्वतः पुन्हा तपासायचे. त्याच आठवड्यात कचरूबाबा आले. त्या प्रकारानंतर ते पहिल्यांदाच येत होते. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागायचं रोज ठरवत होते आणि रोज टाळत होते. आता ते समोर उभे, हातात चिठ्ठी. नितीनभाऊ पुढे झाले तर बाबा म्हणाले, "तुम्ही नगं. ताईंनाच देऊ द्या."

मी म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे तुम्हाला..."

"झालं ते झालं. तुमची झोप होत न्हवती, सून सांगत व्हती. आमची म्हातारी गेली तव्हा मला बी वरीसभर झोप न्हवती. बैल सोडाय जायचो तर भलत्याच्याच गोठ्यात शिरायचो." त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "पन आता एक करा. मोठ्यानं वाचा. मला आयकू येईल असं."

मी मोठ्याने वाचलं. गोळीचं नाव, एकचा आकडा, सकाळी एक, जेवणाआधी. ते मान हलवत राहिले. मग मी स्ट्रिप हातात घेऊन तीही मोठ्याने वाचली. तेव्हापासून मी प्रत्येकाला असंच वाचून दाखवते. काही तरुण मुलं घाईत असतात, वैतागतात. वैतागू देत.

चार मिस्ड कॉल

डिसेंबरमधल्या एका सकाळी मी सहाला उठले, चहा टाकला आणि नेट चालू केलं. माझ्या फोनवर ऋतुजाचे चार मिस्ड कॉल होते, सगळे नेटवरचे, दोन चाळीस ते दोन पन्नासमधले. त्याखाली मेसेज, 'काही नाही. झोप. सकाळी बोलू.'

मी गॅस बंद केला. ज्याला मी सव्वा वर्ष घाबरत होते ते झालं होतं, आणि मी झोपलेली होते. चांगली गाढ झोपलेली होते. मी तिला फोन लावला. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता. दुसऱ्या रिंगला तिने उचलला. पलंगावर उशीला टेकून बसलेली, डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "मनगट आहे फक्त. बर्फावरून सायकल घसरली."

"साधा फोन का नाही केलास? सांगितलं होतं ना तुला!"

"हॉस्पिटलमध्ये बसले होते. सवयीने नेटवरून लावला. चार वेळा. मग आठवलं की तुमचं बंद असतं. साधा लावायला नंबर काढला आणि..." तिने प्लास्टरचा हात उशीवर ठेवला. "आणि नाही लावला."

"का?"

"आधी तुझा राग आला. मग विचार केला, आईला उठवून काय सांगू? ती तिथून येणार आहे का? शेजारच्या खोलीतली केरळची मुलगी आहे ना, तिला बोलावलं. ती आली लगेच, चप्पल घालूनच, त्या थंडीत. प्लास्टर होईपर्यंत तिथेच होती. फॉर्म तिनेच भरले."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते दाखवायचं नव्हतं, म्हणून मी फोन थोडा तिरका धरला. मागून विलास आला, त्याने पडद्यावर प्लास्टर बघितलं आणि तो खुर्चीत बसला. तिने त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो फक्त "बरं, बरं" म्हणत होता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय. गोळी दिलीय. आई, एक सांगू? मला तिथे बसल्यावर वाटलं, चला, ही खरंच झोपलीये."

मग ती म्हणाली, "आजपासून परत जागत बसू नकोस हं. माझ्यावर टाकू नकोस ते."

दिवसभर मी दुकानात प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचली. दुपारी तिला तीन फोन केले, तिसऱ्याला तिने "आई, झोपू दे" म्हटलं. संध्याकाळी स्वयंपाक करताना मी स्वतःशीच हुज्जत घालत होते. एक रात्र चालू ठेवलं नेट तर काय बिघडतं? हात मोडलाय तिचा. कुठलीही आई ठेवेल. डॉक्टरांनाही विचारलं तर त्याही हो म्हणतील.

दहा वाजले. विलास उठला आणि वायफायच्या बटणाजवळ जाऊन थांबला.

"आज राहू दे का चालू?" त्याने विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. तो अगदी खरं विचारत होता, त्याला स्वतःलाही ते हवं होतं. मी उठले, त्याच्या बाजूने हात घालून बटण बंद केलं आणि दोन्ही फोन ओट्यावर नेऊन ठेवले. त्याच्या फोनचा आवाज पूर्ण वाढवला, दोनदा तपासला.

बाराला आडवी झाले. खूप वेळ जागी होते. एकदा उठून हॉलमध्ये बसले, परत आले. विलासही जागाच होता, पण दोघांनी एकमेकांना तसं सांगितलं नाही. झोप लागली तेव्हा किती वाजले होते, मला माहीत नाही. मी घड्याळ बघितलं नाही.